सहलीतलं शेवटचं ठिकाण

ताखेची गाडी गावाच्या वळणाशी आली की याब्यांगला ती नुसत्या आवाजावरून कळायची. गावात गाड्या आता उदंड झाल्या होत्या. पण बाकीच्या येत आणि जात. ताखेची तेवढी लापांगपाशी, म्हातारी माणसं ऊन खात बसतात त्या फळ्यांच्या चौथऱ्यापाशी, थांबायची आणि मग तिची दारं एकामागून एक धाडधाड लागायची. ते ऐकलं की याब्यांग हातातलं काम बाजूला ठेवायची, डोक्यावरची केसांची गाठ चाचपायची आणि घरासमोरच्या बांबूच्या ओट्यावर येऊन बसायची. बसताना तिचे गुडघे कुरकुरत. मन त्याहून जास्त कुरकुरे, पण ते कुणाला ऐकू जात नसे.

ताखे तिचा नातू. अरुणाचलातल्या झिरोच्या खोऱ्यात पाहुण्यांना फिरवायचा त्याचा धंदा होता. सकाळी टेकडीवर नेऊन तो त्यांना सगळं खोरं दाखवी, मग जुन्या पाइनची राई, मग भाताच्या खाचरात पोहणारे मासे. दुपारचं जेवण घरी, त्याच्या बायकोच्या, रिन्योच्या हातचं. जेवून हात धुऊन झाले की शेवटी आयो. आयो म्हणजे आजी. गाडीत बसतानाच तो पाहुण्यांना सांगून ठेवी, की आपल्या सहलीतलं शेवटचं ठिकाण सगळ्यांत खास आहे. पाहुणे दिवसभर त्याचीच वाट बघत.

आयोच्या कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत गोंदणाची एक सरळ निळी रेघ होती आणि हनुवटीवर खाली उतरणाऱ्या रेघा. दोन्ही नाकपुड्यांत काळ्या लाकडाच्या गोल चकत्या. असे चेहरे एकेकाळी घरोघरी होते. आता गावाच्या या अंगाला तिचा एकटीचाच उरला होता.

गेल्या हिवाळ्यापर्यंत दोन होते. समोरच्या घरातली ओम्पी तिच्या बरोबरीची. पाहुणे आले की ती काठी टेकत बोळ ओलांडून यायची आणि याब्यांगच्या डाव्या हाताला बसायची. मग दोघी आपल्या बोलीत, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, आलेल्यांची उणीदुणी काढायच्या. एकदा एक अगडबंब गृहस्थ ओट्यावर चढू लागले तेव्हा ओम्पी गंभीरपणे म्हणाली होती, "हा बसला तर ओटा त्याच्यासोबतच शहरात जाईल." भलामोठा काळा चष्मा लावलेल्या एका बाईला बघून म्हणाली, "हिचे डोळे आलेले दिसतात. जवळ बसवू नकोस." पाहुणे विचारत, या काय म्हणतात? ताखे हात जोडून सांगे, की आशीर्वाद देतात. त्या आशीर्वादांनी दोघींचा दुपारचा कंटाळा निघून जाई.

माघाच्या थंडीत ओम्पीच्या छातीत कफ झाला आणि ती गेली. तेव्हापासून याब्यांग पाहुण्यांसमोर एकटी बसे. कधीकधी सवयीने डावीकडे कलून काही बोलायला जाई, आणि तिथे बांबूची रिकामी चटई असे.

तशी माणसं वाईट नसत. बिस्किटांचे पुडे आणत, वाकून नमस्कार करत. पण मान इकडे वळव, मान तिकडे वळव, उजेडात ये, हसू नको, आता हस, असं तास तास चाले. कुणी न विचारता खांद्यावर हात टाकी. कुणी बोट पुढे करून नाकातल्या चकतीला लावून बघे. एकदा एक लहान पोर तिला बघून भोकाड पसरून रडलं आणि त्याची आई हसत हसत ते रडणंही टिपून घेऊ लागली. या सगळ्यात ताखे हिंदीतून काहीतरी सांगत असे. याब्यांगला हिंदी 'या, बसा, चहा घ्या' एवढीच येई. पण तो सांगू लागला की एका ठरावीक जागी सगळ्यांचे चेहरे बदलत, बायका 'अरेरे' म्हणत आणि तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत, हे तिने कैकदा पाहिलं होतं. तिला वाटे, पोरगा आपल्या म्हातारपणाचं काही सांगत असेल. आजोबा जाऊन किती काळ झाला, ते सांगत असेल.

भाताची लावणी सुरू होती त्या दिवसांतली गोष्ट. घरातली धडधाकट माणसं सकाळीच खाचरात उतरत. याब्यांगचे हात लावणीसाठी शिवशिवत, पण ताखेने तिला चिखलात जायला बंदी केली होती. थंडी बाधेल, म्हणे. ओट्यावर बसून ती संध्याकाळी इतकी थकून जाई, की पूर्वी दिवसभर वाकून रोपं लावूनही तितकी कधी थकली नव्हती. रिन्योला ते दिसत होतं. तिने एकदोनदा नवऱ्याला सुचवूनही पाहिलं, पण पाहुण्यांचा हंगाम भरात होता आणि ताखे म्हणाला की आयोला माणसांची सोबत होते, एरवी ती घरात एकटी काय करणार?

त्या दुपारी आलेल्या घोळक्यात कॉलेजातली पोरं होती. फोटो झाले, ताखेचं सांगून झालं, सगळ्यांनी ठरल्या जागी 'अरेरे' केलं आणि सगळे बांबूच्या बेटाकडे निघाले. एक मुलगी मागे राहिली. केस आखूड कापलेले, मनगटावर एक छोटंसं पाखरू गोंदलेलं. ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि याब्यांगशी चक्क आपल्या बोलीत बोलू लागली, थोडी अडखळत, शहरात वाढलेली पोरं बोलतात तशी.

तिचं नाव मामुंग. आईबाप मूळचे खोऱ्यातलेच, पलीकडच्या गावातले, पण ती इटानगरात जन्मली आणि शिकायला दिल्लीत होती. मित्रमैत्रिणींना घेऊन सहलीला आली होती. तिच्या स्वतःच्या आजीला गोंदण होतं, पण ती मामुंगच्या जन्माआधीच वारली होती. हे सगळं सांगून झाल्यावर मुलगी जरा घुटमळली.

"आयो, एक विचारू? रागावू नकोस हं."

"राग यायला अंगात ताकद लागते, पोरी. विचार."

"तुम्हा बायकांना असं मुद्दाम कुरूप करून ठेवलं, त्याचा तुला कधी राग नाही आला?"

याब्यांगला वाटलं, पोरीची बोली कच्ची आहे, शब्द चुकला असेल. तिने विचारलं, कुरूप कुणी केलं? कुणाला? तेव्हा मामुंगने सांगितलं, की तुझा नातू आत्ता तेच तर सांगत होता. आमच्या बायका फार देखण्या होत्या, शेजारच्या टोळ्या त्यांना पळवून नेत, म्हणून बापांनी त्यांची तोंडं गोंदून आणि नाकात लाकडं घालून त्यांना मुद्दाम विद्रूप केलं. म्हणजे कुणी बघणारच नाही.

"असं सांगतो तो?" याब्यांग म्हणाली. "रोज?"

मुलगी गोरीमोरी झाली. तिला वाटलं होतं, आयोला ठाऊकच असेल. तिने चुकलं म्हणून दोनदा म्हटलं, मग लांबून कुणीतरी हाक मारली आणि ती जड पावलांनी उठून गेली. याब्यांग ओट्यावर तशीच बसून राहिली. चहा आला तो निवून गेला.

तिला आठवत होता तो दिवस काही कुरूप होण्याचा नव्हता. ती आणि ओम्पी एकाच सकाळी गोंदायला बसल्या होत्या, ओम्पीच्या मावशीपुढे. काट्यांची छोटी झाडणी, वर लाकडी हातोडीचा टकटक ठोका, आणि मग मडक्याच्या बुडाची काजळी चरबीत कालवून त्या ओल्या जखमेत चोळलेली. दोघी गुरासारख्या ओरडल्या होत्या. तोंडं भोपळ्यासारखी सुजली होती, कितीतरी दिवस पेजेवर काढावे लागले होते. पण सूज उतरली आणि रेघ सरळ, एकसारखी निळी दिसली, तेव्हा आईने तिला पाण्याच्या भांड्यात वाकून बघायला लावलं. बघ, म्हणाली, आता माणूस दिसतेस. पुढे नाकातल्या चकत्या वर्षावर्षाला मोठ्या होत गेल्या आणि सणाला दुसऱ्या गावची पोरं लापांगवर येऊन बसत तेव्हा याब्यांगच्या घरावरून उगाच दोनदोनदा जात. तिच्या नवऱ्याने तर लग्नानंतर सांगितलं होतं, की तुझ्या हनुवटीच्या रेघा बघून मी रस्ता चुकलो होतो. कोऱ्या तोंडाच्या मुलीकडे तेव्हा कुणी ढुंकून पाहत नसे.

मग काळ पालटला. गावची पोरं खाली आसामातल्या शाळांत जाऊ लागली आणि परत आली ती गोंदण बंद करायचं मनात घेऊन. घरोघर फिरून त्यांनी सांगितलं, की यापुढे मुलींना गोंदायचं नाही, बाहेर लोक आपल्याला हसतात. याब्यांगचा थोरला, तातुंग, ताखेचा बाप, तेव्हा वसतिगृहात होता. एकदा ती त्याला भेटायला सुकवलेले बांबूचे कोंब आणि धुरावलेलं मांस घेऊन दोन दिवसांची वाट उतरून गेली, तर पोरगा फाटकातच आडवा आला. सामान घेतलं आणि खाली बघत म्हणाला, आने, तू आत येऊ नकोस. आने म्हणजे आई. ती आत गेली नाही. आली तशी चढून परत आली. पुन्हा कधी गेली नाही आणि कधी बोलूनही दाखवलं नाही.

ज्या तोंडाची मुलाला लाज वाटली, त्याच तोंडाचा फोटो असलेली सहलीची पाटी नातवाने हमरस्त्यावर लावली होती. हे तिच्या मनात पूर्वीही येऊन गेलं होतं, आणि त्यात तिने थोडं सुखही मानलं होतं. आता त्या सुखाचाही चोथा झाला.

दिवेलागणीला ताखे चुलीपाशी येऊन बसला. रिन्यो वरच्या माचेवरून सुकं मांस काढत होती. याब्यांगने आवाज चढवला नाही. तिने एवढंच सांगितलं, की तू पाहुण्यांना जे सांगतोस ते मला आपल्या बोलीत सांग. जसंच्या तसं.

ताखेने आधी हसून टाळलं. मग रिन्योकडे पाहिलं. रिन्यो काही मदतीला येईना, तेव्हा त्याला सांगावं लागलं. हिंदीत जे इतकं सफाईने येत होतं, ते आपल्या बोलीत तुकड्यातुकड्याने येऊ लागलं. 'कुरूप' या शब्दापाशी तो थांबलाच.

"म्हण ना," याब्यांग म्हणाली. "परक्यांपुढे म्हणतोस, मग घरात लाज कसली?"

"आयो, सगळेच हे सांगतात. बाकीचे गाडीवाले पण. पुस्तकात पण आहे."

"मी इथे बसलेली असते. हाताच्या अंतरावर. मला कधी विचारलंस?"

ताखेने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाला, "मला आबांनी सांगितलंय. लहानपणीच. मला वाटलं, घरातलंच आहे म्हणजे खरंच असणार."

म्हणजे तातुंगने. याब्यांग म्हणाली, लाव त्याला फोन.

तातुंग इटानगरात असे. बांधकाम खात्यातली नोकरी संपत आली होती, गुडघेदुखीने हैराण होता, गावी सणासुदीलाच यायचा. ताखेने बापाला काय झालं ते थोडक्यात सांगितलं आणि फोन आजीच्या कानाला लावला.

"आने," तातुंग म्हणाला, "पोरं फार हसायची गं. तू फाटकापाशी आलेली त्यांनी पाहिलं होतं. रात्री निजताना नाकात खडूचे तुकडे घालून माझ्यासमोर नाचायची. मी काय करणार होतो? एका मास्तरांनी ही गोष्ट मला सांगितली. मी ती धरून ठेवली. सगळ्यांना सांगितलं, की आमच्या आया एवढ्या देखण्या होत्या, एवढ्या, की त्यांना लपवावं लागलं."

"मग? हसायची थांबली?"

"थांबली. काहींनी तर विचारलं, खरंच एवढी देखणी आहे का तुझी आई?"

"मग बरं केलंस," याब्यांग म्हणाली.

पलीकडे तातुंग रडत होता की खोकत होता ते नीट कळेना. तिने त्याला रडू दिलं. तिला स्वतःला रडू आलं नाही. नुसतं अंग जड झालं, भरलेली टोपली पाठीवरून उतरवावी आणि खांदे तरी तसेच वाकलेले राहावेत तसं.

"आता कुणी हसतं का रे तुला?" तिने विचारलं.

"नाही आने. आता कोण हसणार?"

"मग आता कशाला सांगता? तेव्हा पोरासोरांपुढे निभावून न्यायला ठीक होतं. पण मी कुरूप नव्हते. ओम्पी पण नव्हती. ती तर माझ्याहून उजवी होती."

फोन तिने ताखेच्या हातात दिला आणि जेवायला वाढ म्हणून रिन्योला सांगितलं.

दुसऱ्या दिवशीही पाहुणे ठरलेले होते. ताखेने सकाळी आडून आडून विचारलं, की आजच्या दिवस बसशील का, पुन्हा नाही म्हणणार, हे लोक फार लांबून आलेत. ती म्हणाली, त्यांना टेकडी दाखव, मासे दाखव, टेकडीला आणि माशांना काही वाटणार नाही. मी दमले आहे. एवढं बोलून तिने घोंगडी खांद्यावर घेतली आणि रिन्योच्या मागून खाचराकडे चालू लागली. ताखेने अडवलं नाही. थंडी बाधेल, असंही तो म्हणाला नाही.

चिखलात उतरणं आता तिच्याने होत नव्हतंच. ती बांधावर फतकल मारून बसली आणि बांधाच्या कडेने नाचणीची रोपं खोचू लागली. रिन्यो खाली पाण्यात होती. दुपारी रस्त्यावर गाडीचा आवाज झाला, थोडा वेळ थांबला, पुन्हा सुरू झाला आणि दूर गेला. रिन्योने मान वर करून पाहिलं. याब्यांगने पाहिलं नाही.

नंतर रिन्योनेच सांगितलं, की त्या दिवशी दोन जण ताखेवर पार घसरले. फोटोत दाखवलेली म्हातारी कुठे आहे म्हणून. ताखेने ऐकून घेतलं. आठवडाभराने त्याने रस्त्यावरची पाटी उतरवली आणि तिच्या जागी खोऱ्याचं चित्र असलेली नवी लावली. पाहुणे थोडे कमी झाले, पण बंद झाले नाहीत. कुणी गोंदणाबद्दल विचारलंच, तर तो म्हणे, की काही लोक असं सांगतात आणि काही तसं, माझी आयो म्हणते की ते शोभेसाठी होतं. हे सांगताना तो पूर्वीसारखा रंगात येत नसे. बाकीचे गाडीवाले अजून जुनीच गोष्ट सांगत. तिचे फोटो तर ठिकठिकाणी जाऊन पोचले होते, ते काही परत येणार नव्हते. रिन्योला याचं फार लागे. याब्यांग म्हणे, जाऊ दे, गेलं ते पाणी.

पाऊस धरला, भात गुडघ्याएवढं झालं आणि पीक चांगलं यावं म्हणून करतात त्या द्रीच्या सणाला तातुंग आला. एरवी तो सणाचा दिवस उरकून दुसऱ्या सकाळी परत निघायचा. या खेपेला राहिला. लापांगवर जाऊन जुन्या मित्रांत बसला, घरोघरी जाऊन सणाचे काकडीचे तुकडे खाल्ले, तांदळाची दारू प्यायला. तिसऱ्या प्रहरी ओट्यावर येऊन आईशेजारी बसला, आखडलेला पाय लांब पसरून. दोघंही बराच वेळ समोरच्या बांबूंवरून निथळणारं पाणी बघत होती.

मग तो तिच्याकडे वळला. सबंध आयुष्यात त्याने तिच्या चेहऱ्याकडे असं रोखून बघितलं नव्हतं. लहानपणी बघायची गरज नव्हती, मोठेपणी धीर नव्हता. त्याने हात पुढे केला, पण लावला नाही, मांडीवर परत ठेवला.

"आने, फार दुखलं होतं का गं?"

"दुखलं होतं तर. ओम्पीने मावशीला चावा घेतला होता."

तो हसला. तीही थोडी हसली. त्याला आणखी विचारायचं होतं, वसतिगृहाच्या फाटकाबद्दल बोलायचं होतं; ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि तिलाही दिसलं. पण एवढं सगळं ऐकून घ्यायचं बळ त्या दिवशी तिच्यात नव्हतं. ती म्हणाली, उद्या बोलू, तू आहेस ना उद्या? तो आहे म्हणाला. मग त्याच्या खांद्यावर भार देऊन ती उठली आणि जरा पाठ टेकते म्हणून आत गेली.